दहा कोटी डॉलरचे हॉकी संकुल आणि एका समाजाचे नाव

देणगीची पावती सगळे दाखवतात, देणगीची अट कुणी दाखवत नाही. अट बहुतेक वेळा तोंडी असते. जेवणाच्या टेबलावर, गाडीत बसता बसता, फोनवर हसत हसत ती सांगितली जाते. त्यामुळे पुढे इतिहास लिहायला बसले की पुरावा हाती लागत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या बाबतीत मात्र अट लेखी आली. म्हणून हे प्रकरण आम्हाला महत्त्वाचे वाटते.

२० डिसेंबर २००० रोजी राल्फ एंगलस्टॅड नावाच्या कॅसिनोमालकाने या विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स कुपचेला यांना पत्र पाठवले. विद्यापीठाच्या आवारात त्याच्या पैशातून बर्फावरच्या हॉकीचे भव्य संकुल उभे राहत होते. पत्राचा आशय असा : विद्यापीठाच्या संघांचे ‘फायटिंग सू’ म्हणजे ‘लढाऊ सू’ हे नाव आणि मूळनिवासी योद्ध्याचे बोधचिन्ह कायम राहील असा निर्णय डिसेंबर संपायच्या आत करा. केला नाहीत तर मी काम थांबवतो. आतापर्यंत साडेतीन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आहे, तो बुडाला असे समजेन. बांधकामाला दिलेली तात्पुरती उष्णता बंद करीन, मग हिवाळा त्या इमारतीचे काय करायचे ते करील.

ही धमकी समजायला तिथली थंडी समजली पाहिजे. ग्रँड फोर्क्स हे शहर कॅनडाच्या सीमेजवळ आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर जाणे नेहमीचे. अर्धवट इमारतीत काँक्रीट, नळ, भिंती टिकवायच्या तर आत सतत गरम हवा सोडावी लागते. ती बंद केली की आत अडकलेले पाणी गोठते, फुगते आणि बांधकामाला तडे जातात. थोडक्यात, तोडायला माणसे पाठवायची गरजच नव्हती, एक बटण पुरेसे होते.

दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने एकमताने ठराव केला की ‘फायटिंग सू’ हे नाव कायम राहील. नावाचा फेरविचार करण्यासाठी अध्यक्ष कुपचेला यांनी एक आयोग नेमला होता. आयोग, चर्चा, मूळनिवासी विद्यार्थ्यांची निवेदने, जमातींच्या परिषदांचे ठराव, या सगळ्यावर एका पत्राने एका दिवसात पडदा पडला.

आमचे काही तरुण वाचक विचारतील की बर्फावरच्या हॉकीशी आपला काय संबंध? खेळाशी फारसा नाही. पण विद्यापीठाचे नाव, त्यामागचा सन्मान आणि त्या नावावर निर्णय घेणारी माणसे कोण, हा प्रश्न आपल्याला परका नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एका नावासाठी घरे जळताना पाहिलेल्या समाजाला ‘नावात काय आहे’ असे कुणी विचारू नये. तिथला लढा उलटा होता. आपल्याला नाव हवे होते, त्यांना आपले नाव परत हवे होते. प्रश्न मात्र तोच, ठरवणार कोण?

आता थोडे मागे जाऊ.

‘सू’ हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ते स्वतःला डकोटा, लकोटा, नकोटा म्हणवतात. डकोटा म्हणजे मित्र, सहकारी. शेजारच्या जमातीच्या भाषेतला एक शब्द फ्रेंच व्यापाऱ्यांनी उचलला, त्याचा पुढचा भाग तोडला आणि ‘सू’ उरले. (आपली वर्तमानपत्रेसुद्धा कालपरवापर्यंत ‘रेड इंडियन’ छापत होती, तेव्हा आपणही फार हसू नये.) १८६२ मध्ये मिनेसोटातल्या डकोटांनी उपासमारीला आणि फसवणुकीला कंटाळून उठाव केला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मँकाटो गावात ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. १८८३ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठ स्थापन झाले. १८८९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून सू लोकांच्या मोठ्या राखीव प्रदेशाचे तुकडे केले आणि त्याच वर्षी नॉर्थ डकोटा हे राज्य जन्माला आले. जमीन घेतली आणि राज्याला नाव त्यांचेच ठेवले. १५ डिसेंबर १८९० रोजी स्टँडिंग रॉक राखीव क्षेत्रात सिटिंग बुल या नेत्याला अटक करायला गेलेल्या पोलिसांनी त्याला ठार केले. दोन आठवड्यांनी वूंडेड नी येथे लकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली.

यानंतर चाळीस वर्षांनी, १९३० मध्ये, विद्यापीठाने आपल्या संघांना ‘सू’ हे नाव घेतले. त्याआधीचे नाव होते फ्लिकरटेल, म्हणजे खारीच्या जातीचा एक छोटा प्राणी. शेजारच्या कृषी महाविद्यालयाचा संघ ‘बायसन’ म्हणजे रानगवा. गव्यासमोर खार कशी टिकणार? मग गव्याची शिकार करणारे कोण, तर सू. इतका तो विचार होता. मूळनिवासींना अमेरिकेचे सरसकट नागरिकत्व मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्यांच्या मुलांना सरकारी निवासी शाळांत कोंबून आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली जात होती. भाषा बोलायची नाही, पण नाव मात्र संघाच्या छातीवर मिरवायचे! असले कौतुक कुणाच्या कामाचे?

नाव खेळापुरते राहत नाही, हे पुढे दिसलेच. १९७२ च्या हिवाळी उत्सवात विद्यापीठातल्या एका विद्यार्थी मंडळाने मूळनिवासी स्त्रीची नग्न बर्फमूर्ती उभी केली आणि त्यावरून मारामारी झाली. विरोधी संघाचे प्रेक्षक ‘सू’ या शब्दाला शिव्या जोडून घोषणा देत. त्यांच्या दृष्टीने ती समोरच्या संघाला दिलेली शिवी होती. पण त्याच बाकावर बसलेल्या डकोटा मुलीच्या कानावर ती कशी पडत असेल? शिवी कुणाला आहे हे शिवी देणाऱ्याने ठरवायचे, अशी सवय सगळ्याच वर्चस्ववाद्यांना असते.

आता देणगीदाराकडे येऊ. एंगलस्टॅडचा जन्म १९३० चा, मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स या गावचा. सामान्य घरातला मुलगा. नॉर्थ डकोटा विद्यापीठात तो हॉकीच्या संघाचा गोलरक्षक होता. पुढे बांधकाम व्यवसायात शिरला, लास व्हेगासला गेला, जमिनीच्या व्यवहारात श्रीमंत झाला आणि १९७९ मध्ये त्याने ‘इम्पिरियल पॅलेस’ हे हॉटेल-कॅसिनो उघडले. अपंग कामगारांना मोठ्या संख्येने नोकऱ्या देणारा मालक म्हणून त्याचे नाव होते, हेही सांगितले पाहिजे. आणि हेही सांगितले पाहिजे की त्याच हॉटेलात त्याने नाझी वस्तूंचा खासगी संग्रह मांडला होता आणि १९८६ व १९८८ मध्ये २० एप्रिलला, म्हणजे हिटलरच्या जन्मदिवशी, तिथे मेजवान्या झाल्या. नेवाडा राज्याच्या जुगार नियामकांनी १९८९ मध्ये त्याला १५ लाख डॉलरचा दंड केला. राज्याच्या प्रतिमेला धक्का लावल्याबद्दल दंड झाला. त्याने माफी मागितली, आपण हिटलरचे समर्थक नाही असे सांगितले.

विद्यापीठाने काय केले? १९८८ मध्ये त्याने ५० लाख डॉलर दिले होते आणि विद्यापीठाच्या तेव्हाच्या हॉकी संकुलाला त्याचे नाव दिले गेले होते. मेजवान्यांची बातमी देशभर झाली. तरीही नाव राहिले, पैसेही राहिले. आमच्या मते २००० सालच्या पत्राची मुळे इथे आहेत. ही संस्था कुठपर्यंत वाकते याचा अंदाज त्याला बारा वर्षे आधीच आला होता.

१९९७ च्या एप्रिलमध्ये रेड नदीला महापूर आला. ग्रँड फोर्क्स जवळजवळ पूर्ण रिकामे करावे लागले, शहराच्या मध्यभागी पुराच्या पाण्यातच इमारती जळाल्या. अशा खचलेल्या शहरात १९९८ च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की एंगलस्टॅड विद्यापीठाला १० कोटी डॉलर देणार. त्या काळच्या भावाने साडेचारशे कोटी रुपयांच्या आसपास. सुरुवातीला बोलणे होते ते असे की निम्मी रक्कम हॉकी संकुलाला आणि निम्मी विद्यापीठाच्या इतर कामांना. शेवटी संकुलाचाच खर्च १० कोटींच्या वर गेला. ग्रंथालय, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा मागे राहिल्या आणि चामड्याच्या खुर्च्या पुढे गेल्या.

पैसा कसा आला हेही बारकाईने पाहिले पाहिजे, कारण खरी गोम तिथे आहे. सरकारी विद्यापीठाने इमारत बांधायची तर साधारण मार्ग असा : मंडळाची मंजुरी, विधिमंडळाची तरतूद किंवा कर्जरोखे, निविदा, आणि मालकी विद्यापीठाची. इथे तसे झाले नाही. विद्यापीठाने आपली जमीन नाममात्र भाड्याने, वर्षाला १ डॉलरने, तीस वर्षांसाठी दिली. इमारत एंगलस्टॅडने स्वतः, स्वतःच्या देखरेखीखाली बांधली. संकुलाची मालकी त्याच्या बाजूच्या संस्थेकडे राहिली आणि विद्यापीठाकडे ती २०३० मध्ये यायची असे ठरले. म्हणजे पैसे विद्यापीठाच्या तिजोरीत आलेच नाहीत. विद्यापीठ आपल्याच आवारात भाडेकरूसारखे झाले. याला दान म्हणायचे की ताबा, हे वाचकांनी ठरवावे. दानाचा अर्थ आपल्याकडे तरी असा आहे की दिल्यावर हात सुटतो.

संकुल ऑक्टोबर २००१ मध्ये उघडले. साडेअकरा हजारांवर प्रेक्षक बसतील एवढे, तेही जेमतेम ५० हजार वस्तीच्या शहरात. बर्फाची दोन मैदाने. अशा मैदानाखाली काँक्रीटमध्ये नळ्यांचे जाळे असते, त्यातून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेला द्रव फिरवतात आणि वर पातळ थर देत देत साधारण इंचभर बर्फ धरतात. हे यंत्र महिनोन्‌महिने चालू ठेवणे हा मोठा खर्च असतो. त्यावर खुर्च्यांना चामडे आणि चेरीचे लाकूड, जमिनीला ग्रॅनाइट. आणि सगळीकडे योद्ध्याच्या डोक्याचे बोधचिन्ह : दाराच्या काचांवर, खुर्च्यांच्या टोकांवर, प्रवेशदालनाच्या ग्रॅनाइटमध्ये कोरून बसवलेले. अशी बोधचिन्हे हजारोंच्या संख्येने होती. ही सजावट नव्हती, ही तटबंदी होती. उद्या नाव बदलायचे म्हटले तर खर्चाचा आकडाच समोरच्याचे तोंड बंद करील, हा हिशेब त्यामागे होता असे आम्ही मानतो. शेजारी २००४ मध्ये दुसरे क्रीडागृह उभे राहिले, त्याला एंगलस्टॅडच्या पत्नीचे नाव देताना त्यातही ‘सू’ हा शब्द घातला गेला. एंगलस्टॅड स्वतः २००२ मध्ये वारला. अटी मात्र जिवंत राहिल्या.

नावाच्या समर्थकांची बाजू आम्ही टाळणार नाही. ते म्हणतात की १९६९ मध्ये स्टँडिंग रॉक आणि आजच्या स्पिरिट लेक भागातून वडीलधारी मंडळी विद्यापीठात आली, विधी झाला, त्यांनी हे नाव वापरायला संमती दिली. ते म्हणतात की बोधचिन्ह काढणारा बेनेट ब्रायन हा कलाकार स्वतः ओजिब्वे आहे. ते म्हणतात की मूळनिवासी तरुणांना डॉक्टर करणारा कार्यक्रम हेच विद्यापीठ १९७३ पासून चालवते. यातला तिसरा मुद्दा तर खरोखरच मोठा आहे, त्या कार्यक्रमातून अनेक मूळनिवासी डॉक्टर झाले. पण त्यामुळे नावाचा हक्क विकत मिळतो का? शिष्यवृत्ती देणाऱ्याला विद्यार्थ्याच्या आईला हाक मारायचा अधिकार मिळत नाही. आणि १९६९ ची संमती खरी मानली तरी दिलेली संमती मागे घेता येते. १९९० च्या दशकात स्टँडिंग रॉकच्या परिषदेने ठराव करून नावाला विरोध केला होता. तो कागद विद्यापीठाच्या दप्तरात होता. त्याला किंमत नव्हती, कारण त्याच्यासोबत धनादेश नव्हता.

२००५ च्या ऑगस्टमध्ये महाविद्यालयीन खेळांची देशव्यापी संघटना एनसीएए हिने धोरण जाहीर केले : मूळनिवासींचा अवमान करणारी नावे-चिन्हे असलेल्या संस्थांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांचे यजमानपद मिळणार नाही, आणि त्या स्पर्धांत ती चिन्हे वापरता येणार नाहीत. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला सेमिनोल जमातीने पाठिंबा दिल्यामुळे सवलत मिळाली. नॉर्थ डकोटाने २००६ मध्ये खटला भरला. ऑक्टोबर २००७ मध्ये तडजोड झाली की तीन वर्षांत स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही जमातींची मान्यता आणा, नाहीतर नाव सोडा. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा ज्यांचे नाव त्यांचा होकार ही कायदेशीर अट झाली.

एप्रिल २००९ मध्ये स्पिरिट लेकमध्ये मतदान झाले आणि ६७ टक्के मते नाव ठेवण्याच्या बाजूने पडली. ही गोष्ट आपल्या सोयीची नाही म्हणून काही लेखक ती वगळतात. आम्ही वगळत नाही. शोषित समाज म्हणजे एकाच सुरात बोलणारी फौज नव्हे. तिथेही अनेकांना त्या नावात अभिमान वाटत होता, आपला संघ जिंकला की आपण जिंकलो असे वाटत होते. पण स्टँडिंग रॉकच्या परिषदेने आपला जुना ठराव बदलला नाही आणि मतदानही घेतले नाही. तेव्हाचे तिथले अध्यक्ष रॉन हिज हॉर्स इज थंडर हे सिटिंग बुलचे वंशज आणि नावाचे ठाम विरोधक. यावर राज्यभर आरडाओरडा झाला की स्टँडिंग रॉकमध्ये लोकशाही नाही, लोकांना विचारत का नाही? ज्या राज्याने सत्तर वर्षे कुणालाच विचारले नव्हते, त्याला एकाएकी लोकमताचा उमाळा आला. (हे तेच स्टँडिंग रॉक, ज्याने २०१६ मध्ये तेलवाहिनीविरुद्ध तळ ठोकून जगाचे लक्ष वेधले.)

पुढचा गोंधळ थोडक्यात. २०१० मध्ये उच्च शिक्षण मंडळाने नाव सोडायचा निर्णय घेतला. २०११ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने चक्क कायदा केला की विद्यापीठाचे संघ ‘फायटिंग सू’ म्हणूनच ओळखले जातील. एनसीएए हटली नाही, तेव्हा त्याच विधिमंडळाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा मागे घेतला. समर्थकांनी सह्या गोळा करून प्रश्न सार्वमताला नेला. १२ जून २०१२ रोजी राज्याच्या मतदारांनी नाव सोडण्याच्या बाजूने कौल दिला, आणि तोही साधारण ६७ टक्क्यांनी.

हा कौल विवेक जागा झाल्याचा म्हणून साजरा करावा का? आम्हाला तसे वाटत नाही. नाव सोडा असा प्रचार करणाऱ्यांत विद्यापीठाची माजी विद्यार्थी संघटना पुढे होती, आणि तिचा मुद्दा डकोटांचा सन्मान हा नव्हता. नाव ठेवले तर अजिंक्यपदाचे सामने आपल्याकडे होणार नाहीत, इतर विद्यापीठे आपल्याशी खेळणार नाहीत, खेळाडू येणार नाहीत, हा तो मुद्दा होता. एवढे मोठे संकुल मोठ्या सामन्यांशिवाय ठेवून करायचे काय? म्हणजे नाव टिकवण्यासाठी बांधलेली इमारतच नाव सोडण्याचे एक कारण झाली. आधी पैशाने नाव ठेवले, नंतर पैशाच्याच भीतीने ते काढले. पण एक फरक आम्ही नोंदवू. दुसऱ्या वेळी तो पैसा ज्या कुलपाला अडला, त्याची किल्ली स्टँडिंग रॉककडे होती. तडजोडीत त्यांच्या होकाराची अट नसती तर ती परिषद आणखी पन्नास वर्षे ठराव करीत बसली असती. नैतिक पाठिंबा आणि कायद्याने मिळालेला नकाराधिकार यांत एवढे अंतर असते.

आपल्या गावोगावच्या अभ्यासिका, वसतिगृहे, सभागृहे यांनाही आता मोठ्या रकमा येऊ लागल्या आहेत. कुणी संगमरवरी पाटी मागतो, कुणी कार्यकारिणीत भाऊ बसवतो. कार्यकर्त्यांनी निदान एवढे विचारून घ्यावे की सातबारा कुणाच्या नावाने राहणार.

ग्रँड फोर्क्सच्या संकुलातला पुढचा अध्याय मुलींचा आहे. मार्च २०१७ मध्ये राज्याच्या निधीत कपात झाली म्हणून विद्यापीठाने महिलांचा हॉकी संघच बंद केला. मुलींना त्या दिवशी सरावाच्या वेळी बातमी कळली. १० कोटींचे संकुल होते, बर्फाची दोन मैदाने होती, पण संघ चालवायला पैसे नव्हते. देणगी इमारतीसाठी होती, खेळणाऱ्यांसाठी नव्हती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, अमेरिकेच्या महिलांनी ऑलिंपिकमध्ये कॅनडाला हरवून सुवर्ण जिंकले. बरोबरी साधणारा गोल मोनिक लॅमूरूचा आणि शेवटचा निर्णायक फटका तिची जुळी बहीण जोसलिनचा. दोघी ग्रँड फोर्क्सच्या, दोघी त्याच बंद केलेल्या संघातून घडलेल्या. त्याच वर्षी एंगलस्टॅडच्या मुलीने जाहीर सांगितले की सध्याचे अध्यक्ष असेपर्यंत आमचे प्रतिष्ठान विद्यापीठाला आणखी पैसे देणार नाही.

संघांचे नवे नाव नोव्हेंबर २०१५ मध्ये ठरले, ‘फायटिंग हॉक्स’, म्हणजे लढाऊ ससाणे. संकुलातली काही बोधचिन्हे निघाली. पण २०१२ मध्ये एनसीएएशी झालेल्या पुरवणी करारात बरीच चिन्हे तशीच ठेवायला परवानगी मिळाली, कारण ती उखडायची तर इमारतच फोडावी लागली असती. प्रवेशदालनाच्या ग्रॅनाइटमधला योद्धा त्यांत आहे. सामन्याच्या रात्री हजारो बूट त्याच्यावरून जातात. संकुल विद्यापीठाच्या मालकीचे व्हायचे वर्ष २०३० आहे.